आई, मला प्रोजेक्टसाठी आपलं दार हवंय!

बिनतारी चोरघंटा मुलं बनवतील. पण ती कुठे बसवायची, केव्हा वाजायची आणि कुणाला ऐकू जायची, हे मात्र तुम्हीच सांगायला हवं.

मैत्रिणींनो, चार दिवसांसाठी घर सोडायची वेळ आली की तुमची-आमची एकच तऱ्हा असते. कुलूप लावायचं, दोनदा ओढून पाहायचं, फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचं आणि पुन्हा एकदा ओढून पाहायचं. शेजारच्या काकूंना हाक मारून सांगायचं, "जरा लक्ष असू द्या हं घराकडे!" आणि एवढं करूनही एस. टी. सुटली की मनात पाल चुकचुकतेच : मागच्या दाराला अडसर घातला होता ना?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात, ज्याला २०२३ सालापर्यंत आपण उस्मानाबाद म्हणत होतो, घर सोडायचे प्रसंग काही थोडे नाहीत. आश्विनात तुळजापूरचं नवरात्र आणि पौर्णिमा, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा, उन्हाळ्यात लग्नसराई, दिवाळीत माहेर. कळंब, वाशी, भूम या भागांतली कित्येक कुटुंबं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ती काही महिन्यांनीच घरी परततात. मागे राहतात म्हातारी माणसं, नाहीतर नुसतं कुलूप. आणि उन्हाळ्यात तर घरी असूनही आपण घरात नसतो! सगळी मंडळी गच्चीवर, आणि खाली दागिन्यांचं कपाट एकटं.

अशात एक दिवस तुमची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेली लेक किंवा चिरंजीव येऊन सांगतात, "आई, मी बिनतारी चोरघंटा करतेय. प्रोजेक्टसाठी मला आपलं दार हवंय!" धाराशिवला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तुळजापूरला श्री तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना शेवटच्या वर्षी एक प्रकल्प करावा लागतो, आणि 'चोर आला की वाजणारी घंटा' हा त्यांचा जुना आवडीचा विषय आहे.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "कर बाई काय करायचं ते, मला त्यातलं काही कळत नाही." इथेच आपलं चुकतं. ट्रान्झिस्टर कसा चालतो हे तुम्हाला ठाऊक नसेल. पण घराची कोणती कडी सैल आहे, दुपारी किती वाजता गल्लीत चिटपाखरू नसतं, मांजर कुठल्या खिडकीतून येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? चोरघंटेचा अर्धा आराखडा या माहितीतच असतो. म्हणून आज थोडी ओळख करून घेऊ या.

ही घंटा वाजते तरी कशी?

या यंत्राच्या डब्या दोन. एक दारावर आणि दुसरी तुमच्या उशाशी, नाहीतर शेजाऱ्यांकडे. मध्ये तार नाही, म्हणून ती बिनतारी.

दाराच्या डबीत काचेची एक नळी असते, बोटाच्या पेरापेक्षाही लहान. तिच्यात लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रणाच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींच्या अगदी जवळ असतात. चुंबक जवळ आला की त्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एल्वुड यांनी तो १९३६ साली तयार केला. नळी चौकटीवर बसवायची आणि चुंबक दाराच्या फळीवर. दार बंद असेतो पट्ट्या चिकटलेल्या आणि यंत्र झोपलेलं. दार उघडलं की पट्ट्या सुटतात, ट्रान्झिस्टर जागा होतो आणि ट्रान्समीटरला वीज मिळते. आकाशवाणीचं गाणं जसं तारेवाचून घरात येतं, तसाच हा "दार उघडलं!" असा निरोप दुसऱ्या डबीकडे जातो. ती डबी सायरन वाजवते.

"पण मग शेजारच्यांच्या घंटेनं आमची घंटा नाही का वाजायची?" असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे! त्यासाठी ट्रान्समीटरच्या अलीकडे एनकोडर नावाची चिप असते आणि दुसऱ्या डबीत डीकोडर. विद्यार्थी बहुधा एच. टी. १२ ई आणि एच. टी. १२ डी ही जोडी वापरतात. दोन्हींना आठ-आठ बारीक खिट्ट्या जोडायच्या, एकेक वर किंवा खाली करता येणारी. अशा एकूण २५६ जुळण्या होतात. प्रवासी बॅगेच्या नंबरी कुलपासारखाच हा प्रकार. दोन्ही डब्यांच्या खिट्ट्या तंतोतंत सारख्या असल्या तरच निरोप मानला जातो.

आणि डबीतून बाहेर आलेली ती वायर? ती कापून टाकू नका हं! ती अँटेना. विद्यार्थ्यांचे हे ट्रान्समीटर सहसा ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. त्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर, आणि अँटेना तिच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर. वितीपेक्षा थोडी आखूड. वायर गुंडाळून डबीत कोंबली की निरोप अर्ध्या वाटेतच विरतो.

बिनतारी घंटेचं हे वेड आपल्या देशात नवं नाही बरं का! १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर भिंतीपलीकडची घंटा तारेवाचून वाजवून दाखवली होती, आणि बंदुकीची दारूही तशीच पेटवून दाखवली होती. तुमच्या लेकीचा प्रोजेक्ट त्या प्रयोगाचाच धाकटा भाऊ म्हणा ना.

एका नर्सबाईंची गोष्ट

आता एक गोष्ट सांगते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या एक नर्स राहत होत्या. ड्यूटीच्या वेळा आडनिड्या आणि वस्तीत गुन्हे वाढलेले. पोलिसांना बोलावलं तरी ते वेळेवर येतील याची खात्री नाही. रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही? हा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. त्यांचे यजमान अल्बर्ट इलेक्ट्रॉनिक्सचे तंत्रज्ञ होते. दोघांनी मिळून दारात वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं ठेवली. त्यांतून पाहणारा, वर-खाली सरकणारा कॅमेरा बसवला. बाहेर कोण आहे हे झोपायच्या खोलीतल्या टी. व्ही.वर दिसे, बोलता येई, बटण दाबून दाराचं कुलूप उघडता येई आणि मदतीला हाक देणारं आणखी एक बटणही होतं. १९६६ साली त्यांनी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी या यंत्रणेचं पेटंट त्यांना मिळालं.

चार भोकं का? दाराशी उंच माणूसही उभा राहील आणि लहान मूलही. घरात एकटीनं दार उघडण्याचा प्रसंग जिच्यावर येतो तिलाच असलं सुचतं. अशी बाई तुमच्याही घरात आहे, आणि ती म्हणजे तुम्ही स्वतः. तेव्हा लेकीला जवळ बसवा आणि पुढच्या चार गोष्टी तिला सांगा.

पहिली गोष्ट : चोर येईल कुठून?

मुलं हटकून पुढच्या दरवाजाला यंत्र लावतात, कारण प्रोजेक्टच्या फोटोत तो छान दिसतो. पण पुढचा दरवाजा तर रस्त्यावर! परसदार, न्हाणीघराची खिडकी, जिन्यावरचं पत्र्याचं दार, या जागा तुम्ही दाखवा.

बसवताना तीन बारकावे लक्षात असू द्या. चुंबक बिजागरीच्या बाजूला नको, कडीच्या बाजूला हवा. बिजागरीजवळ दार अर्धं उघडलं तरी चुंबक फारसा हलत नाही. दार लोखंडी किंवा पत्र्याचं असेल तर चुंबकाचा जोर लोखंडातच मुरतो, म्हणून त्याखाली लाकडाची किंवा प्लॅस्टिकची जाड पट्टी घालावी. आणि लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आखडतं, वाऱ्यानं खुडखुडतं. चैत्रात नीट बसलेलं यंत्र श्रावणात उगाच वाजू लागतं ते यामुळे. तेव्हा ऋतू बदलला की नळी आणि चुंबक यांतलं अंतर पाहून घ्यावं.

दुसरी गोष्ट : उंबरठ्यापासून बटणापर्यंत किती वेळ?

घरात आपणही दारातूनच येतो. घंटेला चोर आणि मालकीण यांतला फरक कसा कळावा? त्यासाठी दार उघडल्यावर काही सेकंदांची सवलत ठेवतात. तेवढ्यात आत जाऊन लपवलेलं बटण बंद केलं तर घंटा वाजत नाही.

ही सवलत मोजायला मुलं ५५५ नावाची चिप वापरतात. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली तिचा आराखडा केला, आणि पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी ती आजही काही रुपयांत मिळते. तिच्याजवळ एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर बसवतात. कपॅसिटर म्हणजे विजेची घागर आणि रेझिस्टर म्हणजे तिला पाणी भरणारा बारीक नळ, असं समजा. घागर ठरावीक उंचीपर्यंत भरली की वेळ संपली. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि २७० किलोओहमचा रेझिस्टर घेतला तर हा वेळ जवळजवळ ३० सेकंद येतो.

पण तीसच का? दहा का नाहीत? पुस्तकातून हे कळायचं नाही. कडेवर मूल, हातात भाजीची पिशवी, दिवे गेलेले, अशा अवस्थेत तुम्हाला बटणापर्यंत पोचायला किती वेळ लागतो ते लेकीला घड्याळ लावून मोजू द्या. सासूबाई घरी असतील तर त्यांचाही वेळ मोजा. जो आकडा जास्त येईल तो धरा. फार सैल सोडाल तर चोरालाही तेवढीच सवलत मिळते!

आणि एक. साध्या यंत्रात दार परत लावलं की घंटा थांबते. चोर काही वेडा नाही! तेव्हा घंटा एकदा सुरू झाली की दार लावलं तरी थांबता कामा नये, आपल्या बटणानंच थांबली पाहिजे. यासाठी थायरिस्टर किंवा फ्लिप-फ्लॉप अशी वेगळी जोडणी करावी लागते. लेकीला एवढंच विचारा, "दार लावलं तर काय होईल गं?" तिनं हे केलेलं नसेल तर त्या रात्री तिला झोप यायची नाही.

तिसरी गोष्ट : उगाच कोण वाजवील?

दार न उघडता कुणी खोलीत हललं तरी ओळखणारं आणखी एक साधन असतं, पी. आय. आर. नावाचं. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घुमटीसारखं दिसतं. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता त्याला 'दिसते'. मुलांना ते फार आवडतं. पण ते मांजरालाही ओळखतं, कुत्र्यालाही, आणि घुमटीवरून पाल सरपटली तरी दचकतं! शेळ्यांच्या गोठ्यात ते बसवलंत तर रात्रभर बोंब.

आपल्या भागापुरती एक खास अडचण आहे. हे साधन अंग आणि भोवतालची हवा-भिंती यांच्या उष्णतेतल्या फरकावर चालतं. माणसाचं अंग ३७ अंशांच्या आसपास. वैशाखातल्या दुपारी पत्र्याखालची खोलीही तेवढीच तापते. मग साधनाला माणूस नीट दिसतच नाही! आणि गल्ली सामसूम असते ती नेमकी त्याच वेळी. हिवाळ्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत झकास चाललेलं यंत्र मे महिन्यात घरी का फसतं, याचं हे एक कारण. म्हणून पी. आय. आर.वर एकट्यावर विसंबू नये. दाराला चुंबक हवाच.

लक्षात ठेवा, खोटी घंटा चार वेळा वाजली की पाचव्या वेळी शेजारी कूस बदलून झोपतात. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतोच की.

चौथी गोष्ट : निरोप पोचतो का?

आपल्याकडची जुनी माळवदाची घरं आठवा. दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, बाहेरच्या अंगाला खिडकी क्वचितच, एकच दणकट दरवाजा आणि आतून अडसर. ऊन आणि चोर, दोन्ही बाहेर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा याच भिंतींनी आणि माळवदांनी उमरगा-लोहारा भागात आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात हजारो माणसांचा जीव घेतला. त्यानंतर लोकांनी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, आणि पुढे नवी घरं झाली ती हलक्या भिंतींची, खिडक्यांची. जिवाला ती निर्धोक, पण जुन्या भिंती जी राखण करत होत्या ती आता कुलूप, ग्रिल आणि घंटा यांच्यावर आली.

बिनतारी निरोपाला मात्र दोन्ही घरं त्रास देतात. जाड दगडी भिंतीत लहरी मुरतात आणि पत्र्यावरून त्या परत फिरतात. खोक्यावर 'शंभर मीटर' लिहिलेलं असतं, पण ते मोकळ्या मैदानातलं. तुमच्या वाड्यात दोन भिंती ओलांडतानाही दम लागू शकतो. म्हणून लेकीला सांगा, कॉलेजच्या टेबलावर नको, आपल्या घरात चाचणी घे. एकीनं दार उघडायचं आणि दुसरीनं दुसरी डबी घेऊन खोल्या-खोल्यांतून, गच्चीवर, शेजारी फिरायचं. वाजली तिथे खडूनं खूण करायची.

आणि ट्रान्समीटर लोखंडी कपाटाच्या किंवा ट्रंकेच्या आत ठेवायचा मोह नको. तिथून निरोप बाहेर पडणं अवघड. डबी कपाटाच्या बाहेर, लाकडावर किंवा भिंतीवर असू द्या.

शेळ्यांचं काय?

दागिने कपाटात असतात, पण कित्येक घरांत बाईची खरी पुंजी गोठ्यात बांधलेली असते. आपली उस्मानाबादी शेळी सगळ्या देशात नावाजलेली. काळीभोर, काटक आणि पुष्कळदा जुळी करडं देणारी. शाळेची फी असो की दवाखाना, एक बोकड विकला की अडचण निभते. ती दावणीवरून गेली तर नुकसान बाईचंच होतं. आणि गोठा बहुधा घरापासून लांब, तेव्हा तार ओढण्यापेक्षा बिनतारी यंत्र इथे जास्त उपयोगी.

गोठ्याच्या फाटकाला चुंबक आणि नळी लावावी. फाटक नसेल तर कुडाभोवती एक बारीक तार फिरवावी. ती तुटली की घंटा. विहिरीवरची मोटार आणि केबल यांनाही हाच उपाय चालतो. डबीला मात्र पाऊस, धूळ आणि शेळीचे दात यांपासून जपलं पाहिजे!

दिवे गेले तर?

चोराला अंधार आवडतो आणि आपल्याकडे दिवे जायचे तेव्हा जातातच. म्हणून दुसऱ्या डबीला आणि सायरनला १२ व्होल्टची बॅटरी हवी, दिवे असताना आपोआप भरणारी. हल्ली वायफायवर चालणारे तयार कॅमेरेही मिळतात, पण वीज गेली की घरातला राउटर बंद पडतो आणि कॅमेऱ्याचा निरोप मोबाइलवर यायचा थांबतो, हे विकत घेतानाच विचारा. काही मुलं यंत्राला मोबाइलचं सिम जोडतात, म्हणजे घंटेबरोबर तुम्हाला फोनही येतो. कल्पना उत्तम. मात्र अशी स्वस्त जोडणी बहुधा जुन्या टू-जी जाळ्यावर चालते. ज्या कंपनीचं टू-जी नाही तिचं सिम त्यात चालत नाही.

सगळ्यात मोठा धोका दाराच्या डबीतल्या लहान बॅटरीचा. ती संपली की यंत्र गप्प बसतं, आणि गप्प यंत्र म्हणजे 'सगळं ठीक' असं आपण समजतो! हुशार विद्यार्थी यावर उपाय करतात. दाराची डबी ठरावीक वेळानं "मी आहे" असा निरोप पाठवते आणि तो आला नाही तर दुसरी डबी टुक-टुक करते. साध्या यंत्रात हे नसेल तर आपणच नेम धरावा. दर मंगळवारी देवीपुढे दिवा लावला की दार उघडून एकदा घंटा वाजवून पाहावी.

हे मात्र करू नका

कृपा करून दाराच्या कडीला, ग्रिलला किंवा कुंपणाला घरातला करंट सोडू नका, आणि मुलांना सोडू देऊ नका. "चोराला चांगली अद्दल घडेल" असं पुरुषमंडळी म्हणतात. पण कडीला हात लागतो तो दूधवाल्याचा, शेजारच्या पोराचा, नाहीतर आपलाच. शेतात रानडुकरांसाठी सोडलेल्या करंटनं माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. हा गुन्हाही आहे. चोरघंटेचं सगळं काम १२ व्होल्ट किंवा त्याहून कमी विजेवर होतं. २३० व्होल्टचा संबंध फक्त चार्जरपुरता, आणि तो चांगल्या प्रतीचा तयारच घ्यावा.

सोल्डरिंग म्हणजे कासार भांड्याला डाख देतो तसलंच काम. त्या तारेत बहुधा शिसं असतं, धूरही होतो. तेव्हा खिडकी उघडी ठेवायची, काम झाल्यावर साबणानं हात धुवायचे आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर मुळीच बसायचं नाही. पोळपाटावर सर्किट ठेवलेलं दिसलं तर रागवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे! कमी शक्तीच्या अशा यंत्रांसाठी सरकारनं काही लहरी परवान्यातून मोकळ्या ठेवल्या आहेत. जास्त शक्तीचा ट्रान्समीटर आणून लांब पल्ला गाठायचा हट्ट नको.

विकतचा प्रोजेक्ट नको गं बाई

मोठ्या शहरांतून तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, जाडजूड वहीसकट. चार-चौघी वर्गणी काढतात आणि हजारो रुपये देऊन खोका घरी आणतात. खोका वाजतो, मार्कही मिळतात. पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत "हा रेझिस्टर इथे का?" असं कुणी विचारलं की तोंडाला कुलूप! एरवी साध्या चोरघंटेचे सुटे भाग हजार-बाराशे रुपयांच्या आसपास येतात. दोन-चार भाग जळतील, पहिल्यांदा घंटा वाजणार नाही, वाजली तर थांबणार नाही. जळू द्या. तुमची पहिली पुरणपोळी तरी कुठे गोल झाली होती?

लेकीच्या बाबतीत तर हे फारच जपा. गटात मुलगे असले की सोल्डरिंग ते करतात आणि मुलींच्या वाट्याला वही लिहिणं येतं. विचारा तिला, "डाख तू दिलास का गं?" कशिदा काढणारी बोटं, बारीक टिपक्यांची रांगोळी घालणारी नजर, या कामाला अगदी योग्य असते. आणि शेवटच्या वर्षीच तिच्या स्थळाची गडबड सुरू झाली असेल तर निदान हा प्रोजेक्ट पुरा होईपर्यंत तरी पाहुण्यांना थोपवा.

घंटा वाजल्यावर कोण येणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घंटा चोराला पकडत नाही. ती फक्त ओरडते. जुन्या काळी गावात जागल्या असे. तो हाळी देई आणि गाव जागं होई. आज घंटेची हाळी ऐकणारं कुणी असेल तरच तिचा उपयोग. म्हणून सायरन बसवण्याआधी गल्लीतल्या चार घरांशी बोलून ठेवा. कुणी काय करायचं ते ठरवा. ११२ वर फोन कुणी करायचा, दिवे कुणी लावायचे, फाटकाशी एकट्यानं कुणी जायचं नाही. घरात तुम्ही एकट्या असाल तर दार उघडून चोराला सामोऱ्या जाऊ नका. आतून कडी घाला, आवाज होऊ द्या आणि फोन करा. दागिने परत घडवता येतील.

महाराष्ट्रात बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. गावातल्या एकानं ठरलेल्या क्रमांकावर फोन करून संकट सांगितलं की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम जातो. तुमचं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. आणि दुसरी डबी शेजारच्या काकूंकडेही ठेवता येते, हे विसरू नका. "लक्ष असू द्या" असं नुसतं सांगण्यापेक्षा ते बरं!

थोडक्यात ध्यानात ठेवा

• चुंबक कडीच्या बाजूला. लोखंडी दारावर मध्ये लाकडाची पट्टी.
• अँटेनाची वायर सरळ. डबी लोखंडी कपाटात नाही.
• दार परत लावलं तरी घंटा चालूच राहिली पाहिजे.
• बंद करायचं बटण चोराला न दिसणाऱ्या, पण सासूबाईंच्या हाताला येणाऱ्या जागी.
• पी. आय. आर. जनावरांपासून, उन्हाच्या तिरिपेपासून आणि तापल्या पत्र्यापासून दूर.
• आठवड्यातून एकदा चाचणी. लहान बॅटरी बदलल्याची तारीख डबीवरच लिहा.
• गावाला जाणार आहोत हे गल्लीभर आणि मोबाइलच्या स्टेटसवर जाहीर करायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक यंत्र उलटंपालटं करून पाहतील आणि विचारतील, "हा वेळ तीस सेकंदच का ठेवलास?" पाठ केलेलं उत्तर देणाऱ्या मुलाची तिथे गाळण उडते. तुमची लेक मात्र सरळ सांगेल, "सर, कडेवर बाळ आणि हातात पिशवी घेऊन आमच्या आईला बटणापर्यंत यायला सत्तावीस सेकंद लागतात. मी मोजलंय." तेव्हा आजच संध्याकाळी भाजी निवडता निवडता लेकीला समोर बसवा, आणि घराची एकेक कडी-कोयंडा तिला दाखवा.